किहीममध्ये किहीमकर नसतो

ठाण्याच्या आमच्या शाळेत एकाच वर्गात दोन दिवेकर होते. एक चित्पावन, दुसरा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. बाई हजेरीला 'दिवेकर उंच' आणि 'दिवेकर बुटका' अशी हाक मारायच्या आणि काम भागायचं. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे, त्यामुळे यहुदी पोरं वर्गात असण्याचं कुणाला नवल नव्हतं. त्यांची आडनावं आपल्यासारखीच कशी, हा प्रश्न मात्र मला चाळिशी ओलांडल्यावर पडला. उशिरा पडलेले प्रश्न जरा जास्तच छळतात.

बेने इस्रायलांची शंभराहून जास्त आडनावं 'कर'वर संपतात आणि त्यातली बहुतेक गावं आजच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात आहेत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, आवासकर, थळकर, नवगावकर, नागावकर, चेऊलकर, अष्टमकर, वाकरूळकर, घोसाळकर, झिराडकर. ही यादी वहीत उतरवली तेव्हा दादा म्हणाला, "अगं, ही तर एसटीची पाटी झाली." तिथेच सहलीचा बेत ठरला. जानेवारीत, थंडी असताना, आडनावांच्या गावांना जाऊन यायचं. गाडी दादाची, वही माझी.

गुरुवार: मशीद बंदर

कोकणाची सुरुवात आम्ही मुंबईतून केली, कारण या आडनावांची पहिली ठळक नोंद दगडविटांत उभी आहे ती मांडवीत. मशीद बंदर स्टेशनाबाहेर पडलं की खजूर, खारीक, मिरचीच्या गोणी, हातगाड्या आणि "बाजू, बाजू" असा पुकारा. त्यातून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीटवर आलं की 'शार हरहमीम', म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ सालचं. जुने लोक याला 'जुनी मशीद' म्हणत आणि स्टेशनाच्या नावातली मशीद ती हीच, असं सांगतात. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या बोलण्यातही प्रार्थनास्थळाला 'मशीद' हाच शब्द रुळलेला होता.

हे बांधलं सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी. पण त्यांच्या काळात त्यांना हाक मारली जायची ती सामाजी हसाजी दिवेकर अशी. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, एलियाहूचा एलोजी, सॅम्युएलचा सामाजी. संभाजी, शहाजीच्या पंगतीत बसवलं तर एकालाही कुणी ऊठ म्हणणार नाही. सामाजी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले देशी अंमलदार. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. समाजात कथा अशी की, कैद्यांची जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्रायल' सांगितलं, टिपूच्या आईला ते नाव कुराणातून ठाऊक होतं आणि तिने त्यांचा जीव वाचवला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा नवस मुंबईत फेडला गेला.

मला त्या कथेपेक्षा फौजेचा तपशील मोलाचा वाटतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल माणसं कुलाब्याच्या गावांतून मुंबईला येऊ लागली: पलटणीत, गोदीत, सुतारकामात, पुढे रेल्वेत आणि कचेऱ्यांत. गावात असताना 'आबाजी इसाजी' पुरेसं होतं. एकाच कंपनीत पाच आबाजी भरती झाले की 'कुठला रे तू?' हे विचारावंच लागणार. माझ्या मते 'कर' जन्मतो तो इथे, गाव सोडल्यावर. पुढचे दिवस हाच अंदाज गावोगाव पडताळून पाहायचा होता.

(जाणार असाल तर: फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ नंतर मुंबईतल्या सगळ्या सिनेगॉगांवर बंदोबस्त असतो. आधी फोन करून परवानगी घ्या, फोटो विचारूनच काढा. पुरुषांनी डोकं झाकायचं, साधा रुमालही चालतो. शनिवार आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळा, तो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार.)

शुक्रवार: आवास, झिराड, किहीम, नवगाव, अलिबाग

गाडी दादाने पहाटेच मांडव्याच्या रोरोवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर चढवली. समुद्रावर धुकं होतं, सीगल पक्षी बोटीच्या मागे वेफर मागत होते आणि लोक 'पक्ष्यांना खायला देऊ नये' या पाटीखालीच उभे राहून ते देत होते.

मांडव्याहून पहिलं वळण आवासला. नारळ-पोफळी, विहिरी, आणि वाड्यांच्या मधेमधे मुंबईकरांचे कोट्यवधींचे बंगले. आवासकर कुठे भेटतील, असं चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाल्या काकांनी शांतपणे गाळणं झटकलं. "आवासकर म्हणजे नक्की कोन? हितं सगले पाटील, म्हात्रे, राणे. आवासकर पायजे तर मुंबईला बघा."

अंदाजाला पहिला साक्षीदार मिळाला.

झिराड रस्त्यालाच लागतं. गाव साधंच, पण बेने इस्रायलांच्या इतिहासात या नावाचं वजन मोठं. कथा अशी. फार पूर्वी डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. इथले काही तेली शनिवारी घाणा बंद ठेवतात, मुलांची आठव्या दिवशी सुंता करतात, हे त्याने पाहिलं. शंका फिटावी म्हणून त्याने बायकांना टोपलीभर मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले: "हे आम्ही खात नाही." तोराहचा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाचा, नियम नेमका हाच. मग रहाबीने त्यांना 'शेमा इस्रायल'सारखे विसरलेले पाठ शिकवले आणि तीन घराण्यांना काजीपण दिलं: झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. रहाबी नक्की कोणत्या शतकातला यावर अभ्यासक भांडत राहोत. ही तीन आडनावं मात्र पुढे धर्मकार्यात मानाची राहिली. झिराडकरांतल्या काहींनी 'कर' गाळून नुसतं 'झिराड' ठेवलं. डॉ. जेरुशा झिराड त्यातल्याच. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, १९६६ च्या पद्मश्री. कुलाब्यातल्या एवढ्याशा गावाचं नाव प्रसूतिशास्त्राच्या परिषदांमध्ये पुकारलं जात होतं, हे झिराडच्या स्टॉपवर बसलेल्या कॉलेजच्या मुलींना सांगितलं. एकीने लगेच मोबाइल काढून पाहिलं, दुसरी म्हणाली, "ताई, आमच्या शाळेत कुनी सांगितलंच नाय."

जेवायला चोंढीच्या पुढे एका घरगुती खानावळीत थांबलो. दादाने तिसऱ्यांचं सुकं आणि कोळंबी मागवली, म्हणजे रहाबीच्या परीक्षेत पहिल्याच घासाला नापास. मी बांगडा घेतला आणि पास झाले. खानावळीच्या मावशींना ही गोष्ट सांगितली तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या आजीच्या शेजारी होते इस्रायल लोक. त्यांच्याकडे कोलंबी नाय, खेकडे नाय, मुशी नाय. आजी म्हनायची, समुद्राकाठी राहून येवढा उपास!" बोलता बोलता त्यांनी आणखी एक धागा दिला. आजीला त्या शेजाऱ्यांचं आडनाव कधीच ठाऊक नव्हतं. 'तेल्याचं घर' एवढंच म्हणत.

किहीमला किनाऱ्यावर सुरूची झाडं, घोडागाड्या, आणि सालिम अलींची आठवण. त्यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास इथेच केला. मला हवे होते ते किहीमचे दुसरे मोठे नाव, हाइम सॅम्युएल केहीमकर. (जुन्या कागदांत 'केहीम' असंच लिहिलेलं सापडतं.) मुंबईत १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढणारे, आणि बेने इस्रायलांचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे. पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं आणि छापून आलं १९३७ मध्ये, तेही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. त्यांच्या मते पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास गॅलिलीतून छळाला कंटाळून निघाले. बाकी अभ्यासकांचे अंदाज याच्या अलीकडे-पलीकडे कित्येक शतकं हेलकावतात. पण ज्याला कुलाब्यातल्या प्रत्येक घराण्याची बित्तंबातमी होती, त्याच्या गावात त्याचं नाव विचारावं म्हणून वाण्याच्या दुकानात शिरले.

"किहीमकर? इथे?" वाणी म्हणाला. "इथला माणूस स्वतःला किहीमकर कशाला म्हणवेल? जो गेला तो किहीमकर."

अख्ख्या प्रवासात मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य. दादाने तेवढ्यासाठी दोन किलो पोहे घेतले.

थळच्या अलीकडे नवगाव. परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्याजवळ खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीची प्रेतं लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली. ती इथेच पुरली, पुरुषांची एका ठिकाणी, बायकांची दुसऱ्या. दफनभूमीत आता स्मारकस्तंभ आहे. आजूबाजूला जुन्या कबरी, काहींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही लिपी, काहींवर काहीच नाही. ऊन तापलं होतं, वाऱ्याला मासळी सुकत घातल्याचा वास होता.

तिथे एक कुटुंब भेटलं. सत्तरीच्या पुढच्या आजी, मुलगी आणि विशीतला नातू. इस्रायलमधल्या दिमोनाहून आलेले. नातू हिब्रू आणि इंग्रजी बोलणारा, आजीचं मराठी मात्र अगदी खणखणीत आणि साठ सालातच थांबलेलं. त्या 'बिजलीचे दिवे' म्हणाल्या, 'बोटीचं तिकीट काढलं' म्हणाल्या, आणि मला 'पोरी' म्हणाल्या. त्यांचं आडनाव रोह्याकडच्या एका गावाचं. लग्नाआधीचं आडनाव पेण तालुक्यातल्या गावाचं.

"आजी, तुम्ही राहिलात का त्या गावात कधी?"

"छे गं. माझा बाप भायखळ्यात जन्मला, आजाही मुंबईतच. गावाला आमच्यातलं कोणी राहतच नव्हतं. मी आज पहिल्यांदा चाललेय, बघ." मग नातवाकडे बोट दाखवून, "याला हौस. सैन्यात याला सगळे विचारायचे, हे कसलं आडनाव? म्हणून आणलं याने मला, मी नाही आणलं याला."

इस्रायलमध्ये गेल्यावर आडनाव बदललं नाही का, असं विचारलं. त्यांच्या दिराने बदललं म्हणाल्या, हिब्रू वळणाचं घेतलं. नवऱ्याने ठेवलं. "आधीच आम्हाला तिथे यहुदी म्हणायला तयार नव्हते काही धर्मगुरू. लग्नं अडवली होती. आंदोलनं झाली, मग चौसष्ट साली सरकारने सांगितलं की हे पुरते यहुदी. यांचं म्हणणं, एवढं भांडून मिळवलं ते कोकणातल्या नावानेच मिळवलं, मग ते टाकायचं कशाला?"

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या वर बेने इस्रायल होते. आज सगळे यहुदी मिळून चार-पाच हजार, आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. उलट अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बीरशेबा इथे ही मंडळी हजारोंनी आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघतं. तेव्हा पेणकर किंवा वाकरूळकर किती, हे मोजायचं तर पेण-वाकरूळला जाऊन उपयोग नाही. विमानाचं तिकीट काढावं लागेल.

संध्याकाळच्या आधी अलिबाग गाठलं. बाजाराजवळची इस्रायल आळी कुणीही दाखवतो. 'मागेन अबोथ' सिनेगॉग १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. शुक्रवार असल्याने शमाशकाकांची, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या काकांची, लगबग चालू होती, तरी फोनवर बोलणं झालेलं असल्यामुळे त्यांनी आत घेतलं. मधोमध लाकडी कठड्याची तेबा, जिथून प्रार्थना म्हटली जाते. समोर पडद्याआड हेखाल, त्यात तोराहच्या गुंडाळ्या. वरती बायकांसाठी सज्जा. एका बाजूला एलियाहू संदेष्ट्याची खुर्ची. सुंतेच्या वेळी बाळ तिच्यावर ठेवतात. काचेचे दिवे छताला लटकलेले.

"दहा पुरुष जमले तरच पूर्ण प्रार्थना होते," काका म्हणाले. "रोजचं अवघड. सणाला मुंबईहून येतात, इस्रायलहून येतात. तेव्हा मात्र बसायला जागा नसते."

भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाट्या मी वाचत गेले आणि आडनावांचा एक नवाच पेच दिसला. काही नावांना शेवटी गाव, काहींना नुसती तीन बायबली नावं. इंग्रजी राजवटीत शाळा-कचेऱ्यांत पुष्कळांनी आजाचं किंवा बापाचं नावच आडनाव म्हणून लावलं: एझिकिएल, मोझेस, सॅमसन, सॉलोमन. त्याच काळात मिशनऱ्यांच्या आणि कोचीनच्या यहुद्यांच्या सहवासाने हिब्रूचं शिक्षण वाढलं, सामाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला. १९६५ च्या युद्धात नौदलाच्या ताफ्याचं नेतृत्व करणारे व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन घ्या. तीन नावं, गावाचा पत्ता नाही. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून जाणाऱ्या किती जणांना कळतं की हे १९३७ चे मुंबईचे महापौर डॉ. इलायजा मोझेस, म्हणजे बेने इस्रायल? तेव्हा या समाजाची माणसं आडनावावरून ओळखायला गेलात तर दोन्हीकडून फसाल. 'कर' असला तर तो हिंदू वाटतो, नसला तर परदेशी.

सूर्य कलला तसे काकांनी हात जोडले आणि आम्ही निघालो.

रात्री खानावळीत वालाचं बिरडं. इथेही इतिहासाने पाठ सोडली नाही. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा जो उपास असतो, त्याला बेने इस्रायल 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण आदल्या दिवशी किंवा उपास सोडताना पानात बिरडं. नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, तो 'दारफळणी'. नववर्षाला चिकाचा हलवा, गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून, कारण मांसाच्या जेवणासोबत गाईम्हशीचं दूध चालत नाही. नारळ नसता तर या धर्मशास्त्राची कोकणात पंचाईत झाली असती.

शनिवार: खंडाळे, चौल

शनिवारी सिनेगॉगकडे फिरकायचं नाही, म्हणून खंडाळे. अलिबागपासून जवळच, घाटावरच्या खंडाळ्याशी गल्लत नको. इथल्या एका कातळावर खुणा आहेत, त्या एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे त्याच एलियाहू संदेष्ट्याच्या, रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी श्रद्धा. या कातळावरूनच संदेष्टा स्वर्गात गेला किंवा इथे प्रकटला, दोन्ही ऐकायला मिळतं. गावातल्या कुणालाही 'टापा' विचारा. दरवर्षी तू बिश्वतला, म्हणजे यहुद्यांच्या झाडांच्या नववर्षाला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, इथे समाजाची जत्रा भरते आणि मलिदा होतो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, वर फूल, आणि 'एलियाहू हन्नबी'चं गाणं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना, कधीही. जगातल्या बाकी यहुद्यांना हा प्रकार ठाऊक नाही.

आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती. एक गुराखी आजोबा होते, त्यांनी काठीने एकेक खूण दाखवली आणि शेवटी म्हणाले, "आमी बी नारल फोडतो हितं. देव कुनाचा का असंना." मग त्यांनीच विषय काढला. त्यांच्या लहानपणी 'शनवार तेली' आणि 'सोमवार तेली' असे दोन प्रकार होते. सोमवार तेली शंकराचे, सोमवारी बैल जुंपत नसत. शनवार तेली इस्रायल, त्यांचा घाणा शनिवारी बंद. "बैलाला काय, कवा का होईना सुट्टी."

म्हणजे गावात ओळख ही वाराने. आडनावाची गरज गावाबाहेरच्यांना.

दुपारी चौल. डाव्या हाताला नारळाच्या वाड्या, उजवीकडे शितळादेवी, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाने नमतं घ्यायचं. एकेकाळचं हे मोठं बंदर. १४६९ मध्ये अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. रेवदंड्याच्या शाळेत त्याचं स्मारक आहे. चौलचे ते चेऊलकर. यातला एक चेऊलकर सगळ्यांनी पाहिला आहे आणि कुणालाही त्याचं आडनाव माहीत नाही: 'बूट पॉलिश'मधला टकला, प्रेमळ जॉनचाचा. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर नुसतं 'डेव्हिड'. मुक्कामाच्या घरच्या काकूंना हे सांगितलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का, डेव्हिड आपल्या चौलचा!" अशी हाळी दिली. आणि पाच मिनिटांत शेजारचे दोघे चर्चेला हजर.

त्याच काकूंनी रात्री पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडक्याला भांबुर्ड्याचा पाला, वर गवत-लाकडांची धग. अर्ध्या तासाने मडकं उपडं केलं तेव्हा जो वास सुटला त्याला उपमा देत बसायला वेळ नव्हता, शेंगा संपत होत्या. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात गेलात आणि पोपटी न खाता परतलात, तर त्या सहलीची नोंद करू नका. अलिबागचा पांढरा कांदा मात्र आणखी थोडा थांबला की भरात येतो. आम्हाला लवकरच्या काढणीची एक माळ मिळाली.

रविवार: रेवदंडा, रोहा, अष्टमी, पेण

रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत 'बेथ एल' सिनेगॉग आहे, १८४२ चं. बंद होतं. बाहेरून पाहिलं आणि साळावचा पूल ओलांडून कुंडलिकेच्या काठाने रोह्याला लागलो. नदीवर धुक्याचा थर, रस्त्याचे मात्र हाल; हा पट्टा अंधारात करू नका.

रोहा हे नदीच्या अलीकडच्या काठावरचं बाजारपेठेचं गाव, अष्टमी नदीपलीकडे. नगरपरिषद दोघांची मिळून एकच. पण आडनावं दोन: रोहेकर आणि अष्टमकर. पूल ओलांडायला गाडीने दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन मिनिटांच्या अंतरावरच्या माणसांना दोन वेगळी आडनावं मिळाली, ती मुंबईत कुणी 'कुठला?' विचारल्यावर प्रत्येकाने आपल्या काठाचं नाव सांगितलं म्हणून. रक्ताचं नातं असलेले दोन भाऊ वेगळ्या काठांवर राहत असतील तर त्यांचे वंशज वेगळ्या आडनावांचे. उलट एका गावातून निघालेले ब्राह्मण, कोळी, प्रभू आणि बेने इस्रायल एकाच आडनावाचे. माझ्या वर्गातल्या दोन दिवेकरांचं कोडं असं इथे, कुंडलिकेच्या पुलावर, ट्रकच्या हॉर्नच्या पार्श्वसंगीतात सुटलं. आडनावावरून वंशवृक्ष शोधायला निघालेल्या इस्रायली नातवंडांची हीच अडचण होत असणार. गाव सापडतं, घर सापडत नाही.

रोह्याच्या बाजारात एका जुन्या कापडदुकानदाराने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या वेळेस बेने इस्रायलांची घरं होती, त्यातल्या एकाने निघताना उधारी चुकती केली, उरलेले आठ आणे परत घेतले नाहीत, आणि पुढे तीस वर्षांनी त्याचा मुलगा आला तेव्हा दुकानदाराच्या वडिलांनी ते आठ आणे काढून त्याच्या हातावर ठेवले. खरं-खोटं देव जाणे. सांगताना त्याने गल्ल्यातून आठ आण्याचं नाणंही दाखवलं, आणि ते १९८८ चं होतं.

नागोठण्याला मिसळ खाऊन महामार्गाने पेणकडे. पेणच्या तोंडाशी 'तरणखोप' अशी पाटी दिसली आणि मी ओरडले. तरणखोपकर हे आडनाव वहीत होतं. ते गाव नकाशावर शोधायचं राहून गेलं होतं आणि ते असं पेट्रोलपंपाशेजारी उभं. आत वाकरूळ, म्हणजे वाकरूळकर. पेणमध्ये 'बेथ हा एलोहीम', १८६३ चं. पेणचे पेणकर तर ठाण्यात अजूनही कानावर पडतात.

गणपतीचे कारखाने जानेवारीतही चालू होते, पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली. पापडवाल्या मावशींनी पिशवी बांधता बांधता विचारलं, "कुठले तुम्ही?" आणि मी अभावितपणे ठाणं न सांगता आजोळचं गाव सांगितलं.

पनवेलला 'बेथ एल' (१८४९) पाहायचं मनात होतं, पण पळस्प्याच्या कोंडीने तास खाल्ला आणि अंधार झाला. म्हसळा, तळा, घोसाळे आणि जंजिऱ्यासमोरची राजपुरी, म्हणजे राजपूरकरांचं मूळ, हे सगळं दक्षिणेकडचं राहिलंय. तिकडे जाणार असाल तर मुरूडला मुक्काम धरा, गाडी स्वतःची न्या, आणि खंडाळ्याची जत्रा त्यातच साधायची असेल तर तू बिश्वतची तारीख हिब्रू पंचांगात आधी बघून ठेवा. ती दरवर्षी सरकते. आम्ही पुढच्या खेपेला वहिनीलाही नेणार आहोत. तिचं माहेरचं आडनाव नागावकर, आणि नागावला आम्ही गाडी न थांबवता पुढे गेलो हे अजून तिला सांगितलेलं नाही.